शेगडीची कॉईल का जळते? एका तारेचा इतिहास आणि एका जोडाचा

इतिहासाचं व्याख्यान म्हणून आलात आणि समोर टेबलावर शिवाजी महाराजांचा फोटो नाही, ताम्रपट नाही. जळालेली शेगडीची कॉईल ठेवलेली दिसते आहे. (हशा) आज हाच आमचा ताम्रपट आहे. कोरीटसारख्या गावात वीज आल्यापासून जी वस्तू घरातल्या घरात सगळ्यात जास्त वेळा दुरुस्त झाली असेल, ती ही. रेडिओ दुकानात जातो, मोटर रिवाइंडिंगला नंदुरबारला जाते, पण कॉईल तुटली तर ओट्यावरच पक्कड घेऊन बसायचं, दोन टोकं एकमेकांत अडकवायची, पीळ द्यायचा आणि चहा ठेवायचा. चार दिवसांनी ती पुन्हा तुटते. 'कॉईल जयी गयी,' एवढं म्हणून आपण मोकळे होतो. आपला संशय ठरलेला असतो: व्होल्टेज जास्त आलं, नाहीतर तार नकली होती. कधीकधी ते खरंही असतं. पण ही तार मुळात कशी सापडली हे पाहिलं, तर संशय दुसरीकडेच जायला हवा असं दिसतं. ते कसं, ते आज बघू.

सुरुवात थोडी लांबून करावी लागेल. तारेतून वीज गेली की तार तापते, हे बॅटरीचा शोध लागल्यानंतर लगेचच लक्षात आलं. १८०२ मध्ये लंडनला हम्फ्री डेव्हीने प्लॅटिनमच्या पट्टीतून वीज सोडून ती पट्टी लखलखीत करून दाखवली होती. पण किती वीज सोडली की किती उष्णता मिळते, याचा हिशेब लागायला आणखी चाळीस वर्षं गेली. तो लावला सॅलफर्डच्या जेम्स ज्यूलने. घरची दारूची भट्टी, म्हणजे बिअरचा कारखाना. पोरगा बावीस वर्षांचा. आणि नाद थर्मामीटर घेऊन पाण्यात तारा बुडवून बसायचा. १८४१ मध्ये त्याने सांगितलं की उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, आणि तारेचा रोध जितका जास्त तितकी जास्त. वर्ग हा शब्द इथे फार महत्त्वाचा आहे. करंट दुप्पट झाला तर उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. कॉईलच्या सगळ्या भानगडी या वर्गात दडलेल्या आहेत.

आता गणित आलं, मग शेगडी का नाही आली? कारण तार नव्हती. विचार करा, लोखंडाची तार लाल केली तर काय होईल? हवेतला प्राणवायू तिला खातो, खपली धरते, खपली पडते, खालचं लोखंड उघडं पडतं, पुन्हा खपली. काही दिवसांत तार संपली. तांब्याला तर रोधच नाही. प्लॅटिनम टिकतं, पण प्लॅटिनमची शेगडी कोण घेणार? जर्मन सिल्व्हर वगैरे मिश्रधातू वापरून झाले, पण रोज लाल करायची आणि तरी वर्षानुवर्षं टिकायची अशी स्वस्त तार कुणाकडे नव्हती. विजेचे दिवे घराघरात गेले, ट्राम धावल्या, मुंबईत १९०५ मध्ये वाडीबंदरला वीजकेंद्र उभं राहिलं, आणि तरी विजेवर पोळी भाजणं ही श्रीमंतांचीच चैन होती.

ती अडचण अमेरिकेत अल्बर्ट मार्श नावाच्या धातुतज्ज्ञाने सोडवली. १९०६ साली त्याला पेटंट मिळालं: निकेल आणि क्रोमियम यांचा मिश्रधातू, ढोबळमानाने ८० भाग निकेल आणि २० भाग क्रोमियम. हेच आपलं नायक्रोम. त्याचा रोध तांब्याच्या साठ पटींहून अधिक. पण त्याहून मोठी गंमत वेगळीच आहे. तार पहिल्यांदा तापली की तिच्यावर क्रोमियमच्या ऑक्साइडची अगदी पातळ साल धरते. ही साल लोखंडाच्या गंजासारखी सुटून पडत नाही. ती तारेला घट्ट चिकटते आणि आतल्या धातूपर्यंत हवा पोचूच देत नाही. म्हणजे तार एकदाच थोडीशी जळते, आणि ते जळणंच तिचं चिलखत होतं. पुढे १९३१ मध्ये स्वीडनमध्ये हान्स फॉन कांत्सोव यांनी लोखंड, क्रोमियम आणि ॲल्युमिनियमची तार बाजारात आणली, तिचं नाव कांथल. तिच्यावर ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडची साल धरते आणि ती आणखी जास्त उष्णता सोसते. ही साल लक्षात ठेवा. अर्ध्या तासाने आपण तिच्याकडे परत येणार आहोत, आणि तेव्हा ती एवढी गुणी वाटणार नाही.

आता आपल्याकडे येऊ. हा भाग तेव्हा पश्चिम खानदेश. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला झाला, हे इथल्या सगळ्यांना ठाऊक आहेच. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झालं आणि गावोगाव खांब उभे राहायला लागले. वीज प्रथम आली ती दिव्यासाठी आणि विहिरीवरच्या मोटरसाठी. शेगडी मागच्या दाराने आली. रॉकेलची रांग, सरपणाचा धूर, गॅसचा नंबर लागायला वर्षं, आणि बाजारात मिळणारी चिनी मातीची थाळी, त्यात गोल खाच, खाचेत कॉईल, बाजूला दोन पितळी स्क्रू. एवढीच वस्तू. स्विच नाही, झाकण नाही. उघड्या कॉईलला स्टीलचं पातेलं किंवा झारा लागला तर अंगातून वीज जाते, आणि अशा शॉकने माणसं गेली आहेत. हे आम्ही हसतहसत सांगत नाही.

त्या कॉईलचा हिशेब एकदा नीट करू. १००० वॅटची शेगडी, २३० व्होल्ट. करंट ४.३५ अँपिअर, रोध ५३ ओहम. २६ गेजची नायक्रोम घेतली तर साधारण ८ मीटर तार लागते. तेवढीच, तशीच तार तांब्याची असती तर रोध एका ओहमपेक्षाही कमी भरला असता आणि डीपीवरचा फ्यूज उडाला असता. ती ८ मीटर तार वळून वळून स्प्रिंग केली, ओढून खाचेत बसवली, की झाली शेगडी. बनवणाऱ्यांनी आणखी एक शहाणपण केलेलं असायचं: कॉईलची दोन्ही टोकं दुहेरी पिळलेली. आपल्याला वाटतं मजबुतीसाठी. खरं कारण असं, की दोन पदर झाले की तेवढ्या भागाचा रोध निम्मा, म्हणून उष्णताही निम्मी. स्क्रूपाशी तार काळी राहावी, लाल होऊ नये, यासाठी ती योजना. ज्याने हे पहिल्यांदा केलं त्याला जोडाचं दुखणं कळलेलं होतं.

आता कॉईल तुटते. का तुटते? कधी वरण उतू जातं आणि त्यातलं मीठ त्या सालीला खातं. कधी खाचेत एका ठिकाणी वेटोळी दाटलेली असतात, एकमेकांना भाजत राहतात, त्यांची उष्णता बाहेर पडत नाही. अशी जागा शेगडी लावल्याबरोबर ओळखू येते. बाकीची कॉईल अजून काळपट असताना तेवढीच लाल होते. असो, तुटली. आपण काय करतो? जळकं टोक कापतो, समजा दहावा हिस्सा गेला. उरलेली स्प्रिंग थोडी ओढतो, खाच पुन्हा भरते, डोळ्यांना शेगडी पूर्वीसारखीच दिसते. पण तार कमी झाली, रोध दहा टक्क्यांनी घटला, करंट वाढला. १००० वॅटची शेगडी ११०० वॅटची झाली. आणि ती जादा उष्णता आधीपेक्षा कमी तारेवर पडते, म्हणून दर वीतभर तारेला सुमारे २३ टक्के जास्त ताप. असं तीन वेळा केलं की शेगडी १३७० वॅटची होते आणि वीतभर तारेवर जवळजवळ दुप्पट ताप पडतो. पहिली दुरुस्ती वर्षभर टिकते, दुसरी चार महिने, तिसरी आठवडाभर, असं कुणी म्हणालं तर ते नशिबावर ढकलू नका. ज्यूलचं गणित आहे ते.

यात व्होल्टेजचा खेळ मिसळतो. नियमाप्रमाणे घरगुती पुरवठा सहा टक्क्यांच्या आत वरखाली व्हावा, म्हणजे २३० असेल तर २१६ ते २४४. डीपीपासून लांबच्या घराला संध्याकाळी, शेतातल्या मोटरी चालू असताना, तो काय मिळतो हे तुम्ही आम्हाला सांगा. (हशा) १८० मिळाला असं धरू. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाने घटते, तेव्हा १००० वॅटची शेगडी ६१० वॅटची उरते. भात शिजत नाही. मग घरातला हुशार माणूस म्हणतो, कॉईल थोडी छोटी करू. दोन दहावे हिस्से कापले की संध्याकाळी ७५० वॅट मिळतात, भात शिजतो, तो माणूस घरात शास्त्रज्ञ ठरतो. रात्री अकराला मोटरी बंद होतात, व्होल्टेज २४० वर जातं, आणि तीच शेगडी १३४० वॅटची होते. पोराच्या दुधासाठी कुणी ती रात्री लावली की तार पांढरट-पिवळी तापते. कमी दाबाने कॉईल जळत नाही. कमी दाबाला केलेल्या उपायाने जळते. याच जिल्ह्यातल्या अक्कलकुवा-अक्राणीची गावं सरदार सरोवराच्या पाण्याखाली गेली आणि त्या धरणाच्या विजेत महाराष्ट्राचा वाटा २७ टक्के ठरला. ती वीज कुठल्या शेगड्या तापवते, हा वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे. परत आपल्या तारेकडे.

आतापर्यंत आपण तारेचा दोष पाहिला. आता जोड. टोक न कापता दोन्ही टोकं अडकवून पीळ दिला, तर रोध कमी होत नाही, मग तिथे काय बिघडतं? इथे ती साल परत येते. मार्शची तार टिकली ती तिच्यावरच्या ऑक्साइडच्या सालीमुळे, पण ती साल विजेला वाट देत नाही. वापरलेल्या कॉईलची दोन काळी टोकं एकमेकांना पिळली, की धातूला धातू लागतच नाही. साल सालीला लागते. कुठेतरी एखाद्या ओरखड्यातून करंट जातो, तेवढ्याच टिंबातून सगळा करंट. जोडाचा रोध २ ओहम धरा. मोजायला गेलं तर नगण्य. पण त्यावर ३५ वॅट उष्णता तयार होते, आणि तीही ज्वारीच्या दाण्याएवढ्या जागेत. रेडिओ दुरुस्तीवाल्याचं सोल्डरिंगचं यंत्र २५ वॅटचं असतं. म्हणजे आपण शेगडीत त्याहून मोठं एक यंत्र कायमचं लावून ठेवलं. तापलं की साल आणखी जाड होते, रोध वाढतो, आणखी तापतं. ज्या गुणाने ही तार शंभर वर्षं जगली, त्याच गुणाने तिचा जोड जळतो. कांथल तर याबाबतीत जास्तच वाईट: तिची साल आणखी पक्की, आणि एकदा लाल झालेली कांथल थंडीत वाकवली तर काडीसारखी मोडते. म्हणून जुन्या कांथलला पीळ देताना ती मोडते तेव्हा 'माल नकली' म्हणू नये.

[श्रोत्यांतून प्रश्न: मग फ्यूज का उडत नाही?]

फार चांगला प्रश्न, आणि आमच्या मते आजच्या सगळ्या व्याख्यानाचा गाभा हाच आहे. फ्यूज करंट मोजतो. करंट वाढला की वितळतो. आता जोडाचा रोध ५ ओहम झाला असं धरू. कॉईल ५३, जोड ५, एकूण ५८. करंट ४.३५ वरून ३.९७ वर उतरला. फ्यूजच्या नजरेने सगळं आधीपेक्षा बरं चाललं आहे. आणि जोडावर? ७९ वॅट. किटकॅटमध्ये बरोबर तार असो, की पंख्याच्या वायरीचा तांब्याचा धागा घातलेला असो, काही फरक पडत नाही. आता नवीन घरात एमसीबी आहेत, तेही हेच मोजतात. तेव्हा जोड तापतो आहे हे सांगणारं घरात एकच यंत्र असतं, ते म्हणजे नाक. प्लास्टिकचा किंवा बेकलाइटचा वास. विजेचे कायदे शंभराहून जास्त वर्षांपासून आहेत, फ्यूज त्याच्याही आधीपासून, पण जोडाची उष्णता पकडणारं साधं स्वस्त साधन सामान्य घरात आजही नाही.

हा जोड फक्त शेगडीतच असतो असं समजू नका. तो भिंतीतही आला, आणि त्यालाही इतिहास आहे. तांबं आपण बाहेरून आणायचो आणि परकीय चलन मोजकं होतं. ॲल्युमिनियम मात्र देशात होऊ लागलं होतं. रेणुकूटचा हिंदाल्कोचा कारखाना १९६२ मध्ये सुरू झाला. तेव्हा खांबावरच नाही, घरातल्या वायरिंगमध्येही ॲल्युमिनियम आलं. तार म्हणून ते ठीकच आहे. पण हे मऊ धातू स्क्रूखाली दाबले की हळूहळू पसरतात, तापले की जास्त फुगतात, थंड झाले की ढिले पडतात, आणि उघड्या हवेत क्षणात सालीने झाकले जातात. तीच साल, फक्त दुसऱ्या धातूची. आज कसलेला स्क्रू दोन वर्षांनी अर्धा फेरा फिरतो. त्याच होल्डरवर, त्याच बोर्डावर दोन अँपिअरचे दिवे चालत तोवर कुणाला कळलं नाही. शेगडी आली, करंट आठ-नऊ अँपिअर झाला, वर्गाचा नियम लागू झाला, आणि बोर्ड काळा पडला. दोष वायरमनच्या माथी मारला गेला. सगळ्यांचा नसेल, पण पुष्कळांचा दोष नव्हता.

तरुण मंडळी मागे बसली आहेत म्हणून एक नवं उदाहरण. २००३ मध्ये चीनमध्ये होन लिक यांनी विजेची सिगारेट तयार केली. तिच्यात काय असतं? याच जातीच्या तारेचं इवलंसं वेटोळं. आपल्याकडे २०१९ च्या कायद्याने तिचं उत्पादन, आयात, विक्री, वाहतूक, साठवण, जाहिरात या सगळ्यावर बंदी आली. तब्येतीची बाजू डॉक्टर सांगतील. आम्हाला तिच्यात रस तारेपुरता. परदेशात हौशी लोक हे वेटोळं घरी वळत आणि ते भलतीकडे तापलं म्हणून एकमेकांना विचारत बसत. त्यांचं दुखणं ऐकलं की आपली शेगडीच आठवते: मधला भाग काळा आणि पाय लाल. म्हणजे स्क्रू ढिला. फरक एवढाच, की इथे वेटोळ्याचाच रोध ०.२ ओहम असतो. ४.२ व्होल्टच्या सेलवर २१ अँपिअर, म्हणजे शेगडीच्या जवळजवळ पाचपट करंट, बोटाएवढ्या नळीत. जोडाला ०.०५ ओहम रोध असेल तर शेगडीत त्यावर एक वॅटही धड होत नाही. इथे तोच जोड एकूण उष्णतेचा पाचवा हिस्सा गिळतो, सुमारे १४ वॅट, आणि बाजूलाच लिथियमचा सेल असतो. तो तापून पेटला तर विझवणं फार अवघड. ज्याला कॉईल वळता येते त्याला वाटतं आपल्याला वीज कळली. शेगडी त्याला दहा वेळा माफ करते. ही वस्तू करत नाही.

[प्रश्न: आता शेगडी कोण वापरतं? इंडक्शन आलं.]

बरोबर. उज्ज्वला १ मे २०१६ ला सुरू झाली, सिलिंडर आला, आणि सिलिंडरचा भाव वाढला की लोक पुन्हा विजेकडे वळले, पण या वेळी इंडक्शनकडे. त्यात कॉईल आहे, पण ती तांब्याची, बारीक पदरांची. ती स्वतः लाल होत नाही, भांड्याचा तळ तापवते. तेव्हा तार तुटणं, पीळ देणं, सगळं संपलं. जोड मात्र संपला नाही. इंडक्शन २००० वॅटपर्यंत घेतं, म्हणजे पावणेनऊ अँपिअर. ६ अँपिअरच्या सॉकेटची मर्यादा १३८० वॅट. इंडक्शनला तीन जाड पिनांचा १६ अँपिअरचा प्लग दिलेला असतो तो याच हिशेबाने. तो जुन्या बोर्डात बसत नाही म्हणून स्वस्तातला अडॅप्टर लावतात, आणि मग दोन जोड होतात: प्लग ते अडॅप्टर, अडॅप्टर ते सॉकेट. सॉकेटमधली पितळी पट्टी एकदा तापली की तिची स्प्रिंग मरते, पकड ढिली होते, जास्त तापते. शेगडीचं जे चक्र होतं तेच, फक्त आता ते भिंतीत, दिसत नाही अशा जागी.

घरी गेल्यावर इंडक्शन अर्धा तास चालू द्या, मग मेन बंद करून प्लग काढा आणि लगेच पिनांना हात लावून बघा. कोमट असतील तर ठीक. बोट ठेववत नसेल, किंवा पिनेभोवतीचं पांढरं प्लास्टिक तपकिरी झालं असेल, तर ते सॉकेट बदलायचं, घासून साफ करायचं नाही; घासल्याने साल जाते, मेलेली स्प्रिंग परत येत नाही. शेगडीच असेल तर नवी कॉईल घ्या, जुनीला तिसरा पीळ देऊ नका. आणि अगदीच एका रात्रीपुरता जोड द्यायचा झाला, तर आधी प्लग काढायचा, दोन्ही टोकं पॉलिश पेपरने पांढरी होईपर्यंत घासायची, आणि तो जोड खाचेच्या आतच ठेवायचा, भांड्याला लागेल असा वर येऊ द्यायचा नाही.